तांब्याची पट्टी आणि स्पिरिटचा बोळा

ऑपरेशन थिएटरमधली नर्सची नोकरी सोडून ताई धाकट्या भावाच्या प्रयोगशाळेत आली, तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. प्रयोगशाळा कसली, गोदामाची मागची खोली! तिथे मिठाच्या पाण्यात तांब्याची पट्टी उभी करायची, पाण्यातून कार्बन डायऑक्साइड सोडायचा, वीज चालू करायची आणि धुराड्यांतून वाया जाणाऱ्या या वायूचं अल्कोहोल होतंय का ते बघायचं. यापायी भावाने चांगल्या नोकरीवर पाणी सोडलं होतं, सासुरवाडीची बोलणी खाल्ली होती. ताईचा हात स्वच्छ, म्हणून ही पट्टी आणि पाणी ज्यात असायचं ती डबी जुळवायचं काम तिच्याकडे आलं. तिने हात लावला आणि अल्कोहोल दिसू लागलं, तेही भरपूर. भाऊ हवेत तरंगत होता. आज एका मोठ्या कारखान्याची माणसं बघायला येणार होती. त्यांना पटलं तर प्रयोगशाळा तरणार, नाही तर दाराला कुलूप.

सकाळी ताई डबी गळू नये म्हणून बसवायची रबरी रिंग स्पिरिटच्या बोळ्याने पुसत होती. वर्षानुवर्षांची सवय, पुसल्याशिवाय तिला चैन कुठली! पुसता पुसता वास नाकात शिरला आणि ती पुसायची थांबली. स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच की. रबर ते पिऊन बसत असेल आणि मग पाण्यात सोडत असेल तर?

"बाळ्या, एकदा वीज बंद ठेवून चालवून बघूया."

"आत्ता? ताई, माणसं निघालीसुद्धा!"

"निघू देत. बघूया म्हणतेय ना मी."

ताईपुढे त्याचं लहानपणापासून काही चालत नसे. वीज बंद ठेवून त्याने नुसता वायू सोडला, मग त्या पाण्याचा थेंब तपासणीच्या यंत्रात घातला. दोघं पडद्याला डोळे लावून बसली. रेघ सपाट सरकत होती, म्हणजे अजून अल्कोहोल नव्हतं. अशीच राहा गं बाई, ताई मनात विनवत होती. रेघ वर चढली. रोज चढायची तिथेच, तेवढीच.

म्हणजे रोजचं अल्कोहोल वायूचं नव्हतंच, स्पिरिटचं होतं. ज्याला कडेवर वाढवलं, त्याचं आपणच वाटोळं केलं, तेही एका बोळ्याने! तिला स्वतःची भयंकर चीड आली.

"ताई," तो हळूच म्हणाला, "आजचा दिवस गप्प बसशील? उद्या नव्या रिंगा आणू, सगळं पहिल्यापासून करू. पण आज..."

थिएटरमध्ये मोजणीत एक बोळा कमी भरला तर ती भल्या भल्या सर्जनना टाके घालू देत नसे. पण हा सर्जन नव्हता, बाळ्या होता. तेवढ्यात बाहेर गाडीची दारं आपटली.

पाहुणे आत आले. भाऊ उठला. त्याने शर्ट नीट केला, ताईकडे एकदा बघितलं आणि फळ्यावर लिहिलेला अल्कोहोलचा मोठा आकडा हातानेच पुसून टाकला.

"माफ करा," तो म्हणाला. "दाखवण्यासारखं काही नाही. माझ्या निष्काळजीपणामुळे आकडा चुकलाय."

ताई भडकलीच. जन्मात पहिल्यांदा तिने परक्यांसमोर त्याच्यावर आवाज चढवला.

"खोटं बोलतोय हा! स्पिरिट मी लावलं. याला तर ठाऊकसुद्धा नव्हतं."