रतनबाईनं आंबेमोहोर उकडला

…तर काल आपण उडवीपाशी थांबलो होतो. चिमाजीनं भाताच्या उडवीत कोपरापर्यंत हात खुपसला आणि चटका बसल्यागत बाहेर ओढला. मागोमाग वाफ आली, आंबूस वास आला. उत्रोलीत त्या कार्तिकात तीन दिवस पाऊस कोसळला होता, आणि रतनबाईचं कापून रचलेलं सगळं भात आतून तापायला लागलं होतं.

"वयनी, गेलं हे," चिमाजी म्हणाला. "दोन दिसांत कोंब येत्यात बगा. म्या तवाच म्हनलं हुतं, बाईमानसाच्यानं शेत हुत न्हाई. सालभर खायाला हितनं दाना निगाला न्हाई, तर फुडल्या साली खाचरं माज्याकडं द्या अन् घरात गप बसा."

चिमाजी तिचा दीर. रतनबाईचा नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि दीड वर्ष ह्याचा डोळा त्या तीन खाचरांवर. रतनबाईनं पदर खोचला. "गप बसायला मला ल्हानपनापासनं येत न्हाई, भावजी."

आता तिच्या पडवीतल्या भाडेकरूचं सांगायला हवं, नाहीतर गोष्ट पांगळी राहील. शंकुण्णी मिस्त्री. भाटघरच्या धरणावर यंत्रं दुरुस्त करायला आला, आणि धरण उभं राहिल्यावरही इथंच राहिला. गाव त्याला मद्राशी म्हणायचं. तो दर वेळी न कंटाळता सांगायचा, "मद्राशी नाय. मलयाळी. मलबारातला." कमरेला पांढरं धोतर, पण काष्ट्याशिवाय नुसतं गुंडाळलेलं. डोक्याला खोबरेल एवढं, की तो आल्याचं आधी नाकाला कळायचं. श्रावण सरता सरता रोज सकाळी पडवीत फुलांची रांगोळी घालायचा, अशी दहा दिवस. गाव हसलं. रतनबाईनं विचारलं, "कुनासाठी ही?"

"आमचा राजा वर्षातनं एकदा घरी येतो. महाबली."

"अगं बया! म्हंजी बळीराजा! आमी दिवाळीला पुजतो की त्याला!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून बांधावरचा तेरडा ओटीत भरून तीच आणून द्यायला लागली. फुलं घेता घेता त्यानं एकदा सांगितलं, की त्याच्या घराण्यात जमीन आईकडून लेकीकडं जाते, मामा कारभार बघतो आणि पोरं आईच्या घराचं नाव लावतात. रतनबाईनं हे पाणवठ्यावर इतक्यांदा सांगितलं, की ती दिसली की बायका अर्ध्या भरलेल्या घागरी उचलून चालू लागायच्या.

तर तो शंकुण्णी उडवीपाशी आला. एक साळ दातांनी फोडली, चावली, थुंकली. "उकडा. आमच्याकडं पयली कापनी पावसातच येते. ओली साळ उकळायची, वाळवायची, मग कांडायची. माझी आई असंच करते."

चिमाजी पोट धरून हसला. "आंबेमोहोर उकडायचा? उकडा खात्यात ते घाटाखालचे कोकनी! वास जाईल समदा. वयनी, ह्या मद्राशाच्या नादानं—"

"मलयाळी," रतनबाई म्हणाली, आणि माहेरचा तांब्याचा हंडा आणायला घरात गेली.

दिवसभर ओल्या पेंढ्या झोडपल्या. साळ पाण्यात भिजवली. सकाळी अंगणात तीन दगड मांडून हंडा चढवला. शेजारची बनाबाई कुंपणावरून ओरडली, "काय गं, भात दोनदा शिजवतीस व्हय?"

"दात न्हाईत ना तुला, म्हनून तुज्यासाठी मऊ करती!"

शंकुण्णी वाकून साळीकडं बघत होता. तूस जरा उकललं की उतरवायचं; उशीर झाला की गिच्च गोळा. असे किती हंडे उतरले, कुणी मोजले नाहीत. देवानं ऊन दिलं. चार दिवस रतनबाई चटईवरची साळ पायानं वरखाली करत राहिली, आणि येणारा-जाणारा बांधावर थांबून दात काढत राहिला.

पाचव्या दिवशी तिनं पहिली ओंजळ उखळात टाकली. मुसळ उचललं. तांदळाचा भुगा झाला असता, तर खाचरं गेलीच होती. पाखडून सुपात बघितलं. दाणा पिवळसर, वास खरंच गेलेला. पण सगळा अख्खा! सुपाच्या कोपऱ्यात कणी चिमूटभर. आंबेमोहोराची एरवी निम्मी कणी व्हायची.

तिनं चिमाजीला जेवायलाच बोलावलं. आमटी-भात. तो वासाला नावं ठेवत बसला, एकदा वाढून घेतला, दुसऱ्यांदा घेतला, तिसऱ्यांदा ताट आपणच पुढं केलं. शंकुण्णी खाली मान घालून जेवत होता. मिशीत हसला असेल तर ते त्याचं त्याला माहीत. बोटं चाटता चाटता चिमाजी म्हणाला, "बरं, ते असू दे. फुडल्या साली खाचरं कुनी करायची, ते बोला."

रतनबाईनं चौथ्यांदा भात वाढला आणि म्हणाली, "मीच करनार, भावजी. अन् फुडल्या साली पाऊस आला तर तुमचं बी भात हितं घेऊन या. हंडा माजा, लाकडं तुमची."