साहेबांचा लोखंडी सदरा

काल सुनेने गंजलेला तवा चिंच लावून भिजत ठेवला. त्या ओल्या लोखंडाच्या वासाने मला बहरीनमधल्या साहेबांचा सदरा आठवला. त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली.

मी तिथे एका इंग्रजाच्या घरी कामाला होते. शुक्रवारी सुट्टी असली की साहेब आणि त्यांचे मित्र जुन्या काळचे सैनिक बनून वाळवंटात लाकडी तलवारींनी लढत. त्यासाठी साहेबांनी वर्षभर बसून लोखंडी कड्यांचा सदरा विणला होता.

एका बुधवारी मी तो पितळेच्या भांड्यांसारखा चिंच-मिठाने घासला आणि गच्चीवर टाकला. खाऱ्या वाऱ्याने गुरुवारी सकाळी तो तांबडालाल झाला.

"खलास, मार्था!" स्वयंपाकी आंतोनभाऊ म्हणाला. "व्हिसा गेला. आता वसईला जाऊन तवे घास."

माझ्या पगारावर तिकडे तीन मुलं शिकत होती. तेल लावून घासताना बोटं सोलली, पण गंज निघेना. दुपारी साहेब आले तेव्हा मी सदरा हातात घेऊन उभी राहिले.

"साहेब, मैंने खराब किया."

त्यांनी तो उजेडात धरला आणि हसत सुटले. "व्हेरी गुड, मार्था! आता खरा लढाईतला वाटतो."

तेव्हा मी देवाचे आभार मानले. आता वाटतं, शुक्रवारी हरले तरी साहेब शनिवारी ऑफिसला जाणारच होते. माझं तसं नव्हतं.

सुनेला मी जरा जोरातच म्हटलं, "तवा आधी पूस आणि तेल लाव."