बाबांच्या पानावरचा भात

माझ्या दोन्ही भावांवरचा राग मी नीट जपून ठेवलाय, आणि तो निवू द्यायचा माझा बिलकूल विचार नाही.

आई गेल्यावर बाबांची पाळी लागली. एक महिना थोरल्याकडे राहनाळला, एक महिना धाकट्याकडे कामतघरला. थोरल्याची गोदामं भाड्याने गेली तसं त्याला तब्येतीचं वेड लागलं. भात म्हणजे साखर, भाकरी म्हणजे साखर, घरात नुसतं मटण, अंडी, पनीर. धाकट्याने मोबाईलवर काय बघितलं देव जाणे, त्याने मासळी, अंडी, दूध सगळंच सोडलं. माणूस जास्त वर्षं कशाने जगतो यावर दोघे सणावारीही भांडायचे. भांडा मेल्यांनो, पण आपापल्या ताटावरून भांडा! यांनी बाबांना मध्ये घेतलं.

महिना संपला की बाबांचं रक्त तपासायचं आणि कोणाच्या घरी रिपोर्ट चांगला आला ते बघायचं, अशी शर्यतच सुरू झाली. धाकट्याच्या महिन्यात साखर वाढली, म्हणून त्यानेही भात बंद केला. थोरल्याच्या महिन्यात चरबी वाढली, म्हणून त्याने मटण, अंडी तोडली. हरेल तो बाबांच्या ताटातलं आणखी काहीतरी उचलायचा. अंजूरला खाडीकाठी जन्मभर भात पिकवलेल्या माणसासमोर शेवटी दोन्ही घरी किसलेला उकडलेला फुलकोबी यायला लागला. त्यालाच हे लोक भात म्हणायचे. रिपोर्ट झकास आले. बाबांच्या गालांची हाडं वर आली.

दोन वर्षांनी ते झोपेतच गेले. दारात मंडप होता, माणसं भेटायला येत होती, आणि माझे भाऊ प्रत्येकाला सांगत होते की बाबा ऐंशीपर्यंत जगले ते माझ्यामुळे. थोरला त्याच्या कोपऱ्यात, धाकटा त्याच्या. मी तिथेच ठरवलं, यांना सोडायचं नाही.

पितृपक्षात आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढतात. तांदळाचे वडे वहिन्यांना जमत नाहीत, म्हणून स्वयंपाक माझ्याकडे आला. मऊ भात, वडे, अळूचं फतफतं, खीर, वर सुकटही. पान गच्चीवर ठेवलं, कावळा शिवला, मग उपाशी भाऊ जेवायला बसले. मी दोघांच्या ताटात फुलकोबी वाढला. नुसता, बिनमिठाचा.

"बाबांनी दोन वर्षं खाल्लं," मी म्हटलं. "तुम्ही एक दिवस खा."

वहिन्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. थोरल्याने घास घेतला, तो त्याला काही केल्या गिळवेना. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? अजून वाढू का, असंही मी विचारलं.

धाकटा मान खाली घालूनच बोलला. "ताई, गेल्या दिवाळीला बाबा तुझ्याकडे आठ दिवस होते. तेव्हा तू दिलास भात?"

दिला नव्हता. भाऊबीजेला बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले होते, "बाय, दोन घास दे ना गो, कुणाला नाय सांगणार." कुकर समोरच होता. पण एक तारखेला रिपोर्ट निघणार होता, आणि साखर वाढली तर दोघे मिळून मलाच बोलतील, याची मला भीती. मी त्यांना दुधीची भाजी दिली. त्यांनी ती निमूट खाल्ली, वर हात धुताना चांगली झालीय म्हणाले.

मी तिसरं ताट घेतलं, उरलेला फुलकोबी त्यात ओतला आणि त्या दोघांच्या शेजारी बसले.