मूळ स्वरूपात: बाबांची फटफटी, शहाड आणि कल्याण

या ब्लॉगवर तुम्ही माझ्याबरोबर स्पितीला आलात, गुहागरला आलात, एकदा तर उगाचच भर मे महिन्यात हंपीलाही आलात. यावेळी ठाण्यातली कोपरी ते कल्याण. हसू नका. हाकेच्या अंतरावरचा हा प्रवास, पण इतकी दमून मी आजवर कुठूनच परतले नव्हते.

निमित्त बाबांची फटफटी. माझ्यापेक्षा वयाने मोठी, काळी, जाडजूड, सुरू झाली की गल्लीतली मांजरं पळायची अशी. आता आमची कोपरीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे. महिनाअखेरीस घर रिकामं करायचं होतं आणि भाड्याच्या जागेच्या सोसायटीने आधीच सांगून टाकलं होतं की, कागद चालू असलेलीच गाडी आत येईल. फटफटीचं पासिंग संपून जमाना झाला. म्हणजे दोनच रस्ते: भंगारात काढायची, नाहीतर विंटेज म्हणून नोंदणी करून घ्यायची.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी गाडी असेल तर नियम ऐकून ठेवा. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. ती मूळ स्वरूपात हवी, चासी आणि इंजिनात फेरफार केलेला चालत नाही. नोंदणी झाली तरी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची.

"म्हणजे भाजी आणायला नाही," बाबा म्हणाले.

"नाही."

"मग ठीक आहे. नाहीतरी भाजी आता मोबाइलवरच येते."

पण खरी अडचण वेगळीच होती. बाबा शहाडच्या एका कारखान्यात फिटर होते. मी जन्मायच्या आधी त्यांचा उजवा पाय मशीनच्या रोलरमध्ये सापडला. पाय वाचला, घोटा कायमचा आखडला. आणि या जुन्या गाड्यांचा गियर उजव्या पायाने टाकायचा असतो. सगळ्यांनी सांगितलं, साळवी, गाडी विका. बाबांनी विकली नाही. त्यांच्याच खात्यात वेल्डर असलेल्या पाटीलकाकांनी चासीवर एक लोखंडी पट्टी वेल्ड केली आणि तिच्यावर टाकीच्या उजव्या अंगाला हाताचा गियर बसवला. दांड्याला धरायला मूठ हवी म्हणून आईच्या लाटण्याचं एक टोक कापून बसवलं. आई या गोष्टीवरून अजून टोमणे मारते. किक बाबा गाडीशेजारी उभं राहून डाव्या पायाने मारायचे. मला शाळेत सोडलं ते असंच, लाटण्याने गियर टाकत. बरीच वर्षं मला सगळ्याच मोटरसायकलींना लाटणं असतं असं वाटायचं.

आता ते लाटणं काढायचं होतं. मी म्हटलं, "बाबा, राहू दे. दुसरी कुठेतरी ठेवायला जागा बघू."

"कुठे? तुझ्या फ्लॅटच्या गॅलरीत?" बाबा म्हणाले. "काढून टाकू. गाडी तरी राहील."

शनिवार, डोंबिवली

आधी पायाचा मूळ गियर मिळवायला हवा होता. बाबांचा स्वतःचा कधीच हरवलेला. डोंबिवलीत नेने म्हणून एक निवृत्त गृहस्थ जुन्या गाड्यांचे सुटे भाग जपून ठेवतात असं कळलं. ठाण्याहून डोंबिवलीला गाडीने जात असाल तर माणकोलीवरून मोठागावच्या नव्या पुलाने जा. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये सकाळ घालवायचं आता कारण नाही. पुलावरून खाडी छान दिसते. बाबांनी ती पाहिली नाही. ते उजवा हात मांडीवर ठेवून समोर बघत होते.

नेन्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला गियर काढला. वर कंपनीचा शिक्का, एक ओरखडा नाही.

"हा घ्या. अगदी मूळचा," ते म्हणाले. "पण तुमचा काढलात कशाला?"

"घोटा गेला होता," बाबा म्हणाले.

"अरेरे." नेने चष्मा पुसत म्हणाले, "तरी जपून ठेवायला हवा होता हो, मूळचा."

बाबांनी मान डोलावली. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण माणूस वाईट नव्हता. त्याने चहा दिला, नाचणीची बिस्किटं दिली आणि गियर जवळजवळ फुकटात दिला. खाली उतरून आम्ही मिसळ खाल्ली. बरी होती. बाबांनी अर्धी ठेवली.

रविवार, शहाड

सकाळी टेम्पो बोलावला. असा टेम्पो ठरवताना वेटिंगचं आधीच बोलून घ्या, नाहीतर परतताना वाद होतात. फटफटी चढवण्याआधी मी बाबांना म्हटलं, "गल्लीतून एक चक्कर मारा ना. शेवटची."

"पासिंग नाही तिचं."

"बाबा, गल्ली आहे. रविवार आहे. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," ते म्हणाले आणि दोरी घट्ट आहे का ते तपासायला लागले. आमचे बाबा असेच. त्यांनी उभ्या आयुष्यात कधी नो एंट्रीत गाडी घातली नाही.

माजिवड्यावरून नाशिक हायवे, रांजनोलीला उजवीकडे, कोन, मग दुर्गाडीचा पूल. रस्ता जागोजागी खणलेला, धुळीने आकाश मातकट झालेलं. कल्याण ओलांडून शहाडचा पूल चढलो तेव्हा बाबांनी डावीकडे बोट दाखवलं. "तिथून आत यायचो. तीन पाळ्या."

पाटीलकाकांचं वर्कशॉप आता त्यांचा मुलगा सांभाळतो. काका दारात खुर्ची टाकून बसलेले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय.

"काय रं साळवी, वाट चुकलास?"

"काम काढलंय."

"पोरीनी फोनवर सांगितला ना मना." काकांनी फटफटीच्या टाकीवरून हात फिरवला, मग लाटण्यावर आणला आणि तिथेच ठेवला. "वैनीला दुसरा लाटना घेऊन दिलास का नाय?"

"दिला की. दोन दिले."

मुलगा ग्राइंडर घेऊन आला तसे काका उठले. "तू नको. मी लावलेला हाय, मीच काढनार."

"बाबा, तुम्हाला दिसत नाय नीट. चासी घासली तर पास नाय होनार गाडी," मुलगा काकांना म्हणाला.

"माझा जोड हाय तो. मना बघायला कशाला लागतो?"

शेवटी मुलाने काकांचे हात धरले आणि काकांनी ग्राइंडर धरला. ठिणग्या उडायला लागल्या. बाबा दोन पावलं मागे सरले आणि माझा दंड धरून उभे राहिले. त्यांनी माझा आधार घ्यावा अशी वेळ तोवर कधी आली नव्हती. मला रडायला येत होतं, म्हणून मी फोटो काढायला लागले. ते फोटो इथे टाकलेले नाहीत, धूसर आलेत.

पट्टी सुटून खाली पडली. काका दमून खुर्चीत बसले. "चाळीस वर्सांच्या वर झाला. जराबी हलला नव्हता," ते म्हणाले. त्यांना कौतुक हवं होतं की काय कोण जाणे. बाबा म्हणाले, "तुझा जोड आहे तो, हलेल कसा?" आणि मग दोघंही मुलाला पायाचा गियर बसवताना बघत राहिले.

जेवायला काकांनी सोडलं नाही. सुकट, तांदळाची भाकरी, आमटी. गाडी रात्री तिथेच ठेवली आणि आम्ही कल्याणहून एसटीने ठाण्यात खोपटला उतरलो. बाबांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत तो दांडा. कंडक्टरने विचारलं, "आजोबा, हत्यार आहे का काय?" बसमध्ये हशा पिकला. बाबाही हसले, पण पिशवी जवळ ओढून घेत.

सोमवार, कल्याण

फटफटी शहाडहून टेम्पोने थेट आरटीओत आणली, विंटेजची तपासणी तिथे होती. तपासणीला लवकर जा, सावलीत जागा मिळते. आमच्याबरोबर आणखी काही गाड्या होत्या, चकाचक, मालकांहून जास्त नटलेल्या. तपासणाऱ्यांपैकी एक तरुण साहेब टॉर्च घेऊन खाली वाकले. त्यांनी इंजिन नंबर पाहिला, चासीवर बोट फिरवलं. पट्टी होती त्या जागी ते जरा थांबले.

"इथे काही होतं का?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. "हाताचा गियर होता, साहेब. माझा पाय असा आहे म्हणून. काल काढला."

मला वाटलं, संपलं. साहेबांनी पुन्हा टॉर्च मारला, दुसऱ्या साहेबांना बोलावलं. दोघांनी आळीपाळीने वाकून पाहिलं. मग तरुण साहेब उठून हात झटकत म्हणाले, "चासीला धक्का नाही. ज्याने लावलंय आणि काढलंय, त्याचा हात भारी आहे. आता मूळ स्वरूपात आहे. आजोबा, गाडी तुमचीच ना? एक राउंड मारून दाखवा."

ते चांगुलपणानेच म्हणाले. बाबा किती आनंदाने एक चक्कर मारतील, असं त्यांना वाटलं असणार. त्यांच्याकडे बघून मला ओरडावंसं वाटलं की, आत्ताच काय सांगितलं तुम्हाला?

बाबा मात्र पुढे झाले. शेजारी उभं राहून डाव्या पायाने किक मारली. तिसऱ्या किकला फटफटी उठली, तोच जुना आवाज. ते बसले. डाव्या हाताने क्लच दाबला आणि उजवा हात सवयीने टाकीकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. हात हवेत तसाच राहिला, मग टाकीवर ठेवला गेला. त्यांनी खाली, पायाकडे पाहिलं. घोटा हलेना. इंजिन धडधडत होतं आणि सगळे वाट बघत होते.

"राहू द्या, आजोबा," साहेब हळूच म्हणाले. आता त्यांच्या लक्षात आलं होतं.

राउंड मी मारला. उजव्या पायाने गियर टाकायची मला सवय नाही, दोनदा चुकले. वळून आले तेव्हा बाबा एका झाडाखाली उभे होते आणि मला हात दाखवत होते, शाळेच्या फाटकापाशी दाखवायचे तसा.

गाडी पास झाली.

परत कोपरीला

घरी अर्ध्या संसाराची खोकी बांधून ठेवलेली. आईने विचारलं, "झालं काम?" मी हो म्हटलं. तिने बाबांकडे पाहिलं आणि चहा टाकला.

पिशवीतला दांडा मी टेबलावर ठेवला. "बाबा, हा कुठे ठेवू? शोकेसमधल्या सामानाच्या खोक्यात?"

बाबा पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "भंगारवाल्याला दे. ते ओरिजिनल नाही."

आई चहा घेऊन आली. तिने दांडा उचलला, लाटण्याच्या टोकाला लागलेलं ग्रीस पदराने पुसायला लागली. निघेना. तरी ती पुसत राहिली.

कमेंटमध्ये तुम्ही विचारालच, म्हणून सांगते. नोंदणी होते. पायपीट आहे, पण माणसं चांगली भेटतात आणि गाडी वाचते. आमचीही वाचली. नव्या सोसायटीत तिला पार्किंग मिळालंय, बाबा रोज सकाळी खाली जाऊन तिला फडका मारतात. ते तिच्यावर बसत नाहीत. काल मी त्यांच्या गॅलरीतून पाहिलं, ते टाकी पुसत होते आणि उजवीकडची ती रिकामी जागा मात्र त्यांनी फडका बाजूला ठेवून नुसत्या हाताने पुसली.