पाच कोलोनच्या नोटेवरचा केळीचा घड

आई गेल्यावर अण्णांना मी जळगावहून नेदरलँड्समध्ये, उइटहॉर्नला आणलं. दोन महिने ते खिडकीशी बसून होते. आईचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. मी काढलं की उठून बाथरूममध्ये जायचे आणि बराच वेळ बाहेर यायचे नाहीत. मला त्यांचा राग यायचा. भीतीही वाटायची.

शेजारचे डच आजोबा मध्य अमेरिकेतल्या जुन्या नोटा जमवतात. एकदा कॉफीला येताना त्यांनी कोस्टा रिकाची पाच कोलोनची नोट आणली. पुढे कुणी माजी राष्ट्राध्यक्ष आणि ऑर्किडची फुलं. मागे तिथल्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या छतावरचं रंगीत चित्र: बंदर, कॉफी वेचणाऱ्या बायका, केळी. इतकी देखणी नोट जगात क्वचितच छापली गेली, असं आजोबा सांगत होते.

अण्णांनी भिंग मागून घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि ते कडाडले, "हा कोण गाढव आहे?"

गाढव म्हणजे चित्राच्या मधोमध घड घेऊन उभा असलेला माणूस. "घड असा कवटाळतात का? खांद्यावर घेतात, खाली पान ठेवून. जन्म गेला माझा केळीत. विचार त्यांना, कोणाचे उद्योग हे?"

मी विचारलं. चित्रकार इटलीतला होता, त्या देशात म्हणे त्याने कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. हे ऐकून अण्णा आणखीच खवळले.

"आणि सरकारने ते छापलं? लिही त्यांच्या बँकेला. विनंती अर्ज करतो ऐसा जे..."

"अण्णा, ती नोट केव्हाच बंद झालीय."

"म्हणजे माझ्याआधी कुणीतरी तक्रार केलेली दिसते."

मला हसू आवरेना. आजोबांनी मात्र प्रकरण फार गांभीर्याने घेतलं. डायरी उघडून त्यांनी घड उचलण्याच्या प्रात्यक्षिकाची वेळ ठरवली: गुरुवार, साडेदहा ते साडेअकरा.

गुरुवारी ते मिनिटाचाही उशीर न करता हजर. उइटहॉर्नमध्ये अख्खा घड कुठून आणणार? मी पाहुण्यांची गादी गुंडाळून दोरीने बांधली. अण्णा मराठीत ओरडत होते, आजोबा डचमध्ये शंका काढत होते आणि मी ऑफिसची मीटिंग म्यूट करून दुभाष्याचं काम करत होतो. तीनदा दाखवूनही आजोबांनी गादी खांद्यावर घेतली नाही. पुन्हा छातीशीच कवटाळली आणि चेहरा असा केला की जणू आता नोटेवर यांचंच चित्र छापायचं आहे.

आता अण्णा शिव्या घालणार, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुझी आई अशीच धरायची," ते म्हणाले. "लग्न होऊन आली तेव्हा. नव्या साडीवर सगळा चीक. किती बोललो मी तिला." आणि भिंतीला टेकून ते हमसून हमसून रडायला लागले.

आजोबा गादी घेऊन तसेच उभे. हळूच म्हणाले, "काय म्हणतात? अजून चुकतंय का?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर धरलंय म्हणतात."