नेवचं तिसरं वाक्य

बूलकारा गावात नेव्हिल ट्रेगारइतका अट्टल थापाड्या दुसरा नव्हता. तरीही आग विझवायचा ट्रक चालवायचा तर नेवनंच, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. बायको गेल्यावर शेत लेकीच्या हवाली करून तो त्या ट्रकसाठीच जगत होता म्हणा ना. गावच्या अग्निशमन दलाला पगार नाही. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून धावायचं. असे भोंगे ऐकण्यात नेवचा जन्म गेला होता.

मंगळवारी सरावाचा दिवस. पंप चालवून बघायचा, पाइप गुंडाळायचे, मग शेडमध्ये पावात सॉसेज घालून खात खेळ मांडायचा. प्रत्येकानं स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, दोन खऱ्या, एक खोटी. खोटी पकडली गेली की त्यानं चिखलाचे पाइप धुवायचे. नेव कधीच सापडला नव्हता. चेहरा असा दगडासारखा ठेवायचा की ताकास तूर लागू द्यायचा नाही.

त्या मंगळवारी मात्र त्यानं हातातला पाव खाल्लाच नव्हता. दलप्रमुख ट्रिशनं नुकताच उद्याचा हवामानाचा अंदाज वाचून दाखवला होता. भयंकर उष्मा, उत्तरेचा सुसाट वारा, आणि चहूकडे वाळलेली बार्ली उभी. उद्या भोंगा वाजणार हे तिथल्या कुणालाही सांगायला नको होतं. ट्रकमध्ये नेवच्या शेजारी बसणार होती केरिन, त्याची एकुलती एक लेक.

आणि नेवला डाव्या बाजूचं काही दिसत नव्हतं.

ॲडलेडच्या डॉक्टरनं हिवाळ्यातच सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही, गाडी चालवणं बंद करा. नेवनं घरी येऊन सांगितलं, चष्म्याचा नंबर बदललाय. गावचे रस्ते, फाटकं, वळणं त्याला तोंडपाठ होती. तेवढ्यावर निभावत होतं. मग गेल्या महिन्यात गवताची आग लागली. धुरात ट्रक मागे घेताना डावीकडून किंकाळी आली, त्यानं ब्रेक दाबला, खाली उतरून बघतो तर केरिन चाकाला अगदी खेटून उभी. ती त्याच्यावर खेकसली, "बाबा, ही काय चेष्टा करायची वेळ आहे?" तो हसला, "घाबरलीस ना?" त्या रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. तेव्हापासून पुढचा भोंगा वाजला की केरिन आपल्याच चाकाखाली येईल, असं त्याला वाटे. तरी तोंड उघडवत नव्हतं. ट्रक सुटला तर सकाळी उठायचं कशासाठी, हेच त्याला कळत नव्हतं. भित्रा कुठला, असं तो स्वतःलाच म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गप्प राही.

"चल नेव म्हाताऱ्या, तुझी पाळी," डूली म्हणाला. हा मेंढ्यांवाला डूली गेली कित्येक वर्षं नेवला पकडायला टपलेला. "आज तुला पाइप धुवायला लावतो की नाही बघ."

"तुझ्या बापालाही जमलं नाही ते," नेव म्हणाला. "ऐका. एक, लग्नाच्या दिवशी मी चर्चमध्ये उशिरा पोचलो, कारण बैल विहिरीत पडला होता. दोन, मला तपकिरी साप दोनदा चावलाय."

तिसरं काय सांगायचं ते त्यानं घरून ठरवून आणलं होतं, शार्क माशाबद्दल काहीतरी. पण समोर केरिन हसत बसली होती, ओठाला सॉस लागलेला, लहानपणी लागायचा तसाच. त्याचं तोंड आपोआप उघडलं.

"तीन. मला डाव्या बाजूचं दिसत नाही."

शेडमध्ये हशा पिकला. "तिसरं खोटं!" डूलीनं टेबलावर हात आपटला. "अरे, डोळे मिटूनसुद्धा चालवशील तू! सापडला रे सापडला!"

"तिसरंच," ट्रिशही म्हणाली. "काय झालं नेव, थापा संपल्या वाटतं?"

सगळ्यात मोठ्यानं हसत होती केरिन. नेवनं 'हो, पकडलंत' एवढं म्हटलं की झालं असतं. पाइप धुतले की सुटला, आणि उद्या ट्रकही त्याचाच.

"चूक," तो म्हणाला. "साप चावलेला नाही. एकदाही नाही."

"ऐका याचं!" डूली ओरडला. "पाइप चुकवायला काय वाट्टेल ते बोलतोय!"

केरिनचं हसू मात्र थांबलं होतं. ती उठून त्याच्या डाव्या अंगाला येऊन उभी राहिली. "बाबा, मान वळवू नका. सांगा, बोटं किती?"

नेव समोर डूलीकडे बघत राहिला. डूलीची नजर केरिनच्या हातावर होती आणि ओठ नकळत हलत होते. तीन. एवढं त्याला सहज वाचता आलं. तीन म्हटलं की सगळं पूर्वीसारखं होणार होतं.

"तू हात वर केलायस का, पोरी?" त्यानं विचारलं.

डूलीनं टेबलावरचा हात मागे घेतला. ट्रिश म्हणाली, "उद्या ट्रक केरिन चालवेल. नेव, तू शेडमध्ये रेडिओवर बसून आमच्याशी बोलत राहा."

दुसऱ्या दिवशी जेवणाआधीच भोंगा झाला. केरिन स्टेअरिंगवर बसली, बापाकडे न बघताच निघून गेली. ट्रक रस्त्याच्या धुळीत दिसेनासा झाला आणि उत्तरेकडे धुराचा काळा लोट चढू लागला. मग रेडिओवर तिचा आवाज आला, "वारा फिरलाय. आम्ही खिंडीत शिरतोय." पुढे नुसती खरखर.

आपल्या हातून ती मरेल या भीतीनं नेव महिनाभर झोपला नव्हता. ती भीती आता संपली होती, पण केरिन त्याच्याशिवाय आगीत होती. तो दोन्ही हातांनी रेडिओ धरून तिचं नाव घेत राहिला, आणि उत्तर येत नव्हतं.