उद्योग : घरकाम

निपाणी ठाण्यातली ती केस अजून माझा पिच्छा सोडत नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी लोंढ्यापलीकडच्या जंगलातल्या गावचा, सातवीत शाळा सोडलेला. सरकारनं हवालदार केलं, दर महिन्याला पगाराची चिठ्ठी दिली. त्या सगळ्या चिठ्ठ्या मी पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवत असे. नोकरी गेली तर आपल्याला कोण विचारणार, ही धास्ती कायम असायची.

एका सकाळी वर्दी आली, की एक विधवा बाई घरातल्या मोरीत घसरून मेली. मी पंच बोलावले, पंचनामा केला. बाईच्या केसांत तंबाखूची भुकटी होती. निपाणीत ती कुणाच्या केसांत नसते, म्हणून सोडून दिली. तंबाखूच्या एका वखारीचा मुकादम सगळ्यांच्या आधी तिथं हजर होता, तेही खटकलं नाही. निपाणी कर्नाटकात, म्हणून ठाण्याचे कागद कन्नडमधून. 'उद्योग' या रकान्यात मी 'मनेगेलस', म्हणजे घरकाम, असं लिहिलं. बाईमाणसाच्या नावापुढं आम्ही सगळेच तसं लिहायचो, न विचारता.

दुसऱ्या दिवशी एक बाई ठाण्याच्या नळावर घागर भरायला आली. मान वर न करता म्हणाली, "मोरीत न्हवं, जमादार. वखारीत पोत्यांची थप्पी पडली अंगावर."

मुकादमाला आणून बसवलं. तो दुपारपर्यंत मोरीचंच सांगत राहिला. तेवढ्यात मेलेल्या बाईची मुलगी आली. संकेश्वरला दिलेली, विशीतली. तिचा एकच प्रश्न होता, आईच्या अंगावर फाटकं लुगडं कसं? वखारीतल्या बाया चांगलं लुगडं खुंटीला लावून कामाचं फाटकं नेसतात आणि संध्याकाळी परत बदलतात, हे तिनंच मला सांगितलं. मुकादमाला घेऊन आम्ही वखारीत गेलो. खुंटीवर हिरवं लुगडं तसंच होतं. तिनं ते खुंटीवरून काढलं आणि त्याची घडी घातली. ते लुगडं पाहिल्यावर मुकादमानं कबूल केलं, की प्रेत वखारीतून उचलून मोरीत नेऊन टाकलं होतं.

मला वाटलं, जिंकलो. पण मुलीनं भरपाई मागितली, त्या सुनावणीत वखारीच्या मालकानं पवित्रा बदलला. बाई वखारीत मेली हे खरं, पण ती आमची कामगार नव्हे. आमच्याकडं कामाला असलेल्या तिच्या शेजारणीला मदत करायला आली होती. शेजारणीनंही खाली बघून मान हलवली. तिलाही तिथंच काम करायचं होतं.

मालकाच्या वकिलानं मुलीला विचारलं, आईच्या पगाराची चिठ्ठी आहे का? ती मालकानं द्यायची असते, असा कायदा होता. पण त्या वखारीत ती कुणालाच मिळत नव्हती, आणि जे मालकानं द्यायचं तेच मुलीकडं मागत होते. मग वकिलानं माझा पंचनामा पुढं केला आणि 'मनेगेलस'वर बोट ठेवलं. "हे अक्षर तुमचंच ना?"

मी होय म्हणालो. दावा तिथंच संपला.

बाहेर मुलगी एवढंच बोलली, "अठरा वर्सं वखारीत गेली आई. एकदा इचारायचं तरी हुतं, अण्णा."

त्यानंतर मी प्रत्येक बाईला काम विचारून लिहू लागलो. पण लिहिलेलं खरं ठरवायला चिठ्ठी कुणाकडंच नसायची. गुन्हा शोधायला शिकलो होतो. माणूस कागदावरून पुसला जातो, आणि तो माझ्या हातूनही, हे उशिरा कळलं.

वर्षभरानं ती मुलगी बाजारात दिसली. नवऱ्यानं टाकलं होतं, आता दुसऱ्या एका वखारीत जात होती. मी चाचरत विचारलं, चिठ्ठी देतात का?

"न्हाय," ती म्हणाली. "मी मेल्यावर तुमीच लिवा की काय ते."